दोनच मिनिटं



संपादकीय लिहायला बसलो की जगातले मोठमोठे प्रश्न समोर रांग लावतात. या वेळी विषय छोटा आहे : गाडी कुठे उभी करावी आणि कुठे करू नये. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, म्हणजे पुढे कुठे उपदेशाचा सूर लागलाच तर आरोपी कोण हे आधीच ठाऊक असेल.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या स्मृतिदिनानिमित्त आपण इथे कॅलिफोर्नियात व्याख्यान ठेवले होते. माझ्या गाडीत स्पीकर, पुस्तकांची दोन खोकी आणि बटाटेवड्यांचे तीन ट्रे. कम्युनिटी सेंटरचा पार्किंग लॉट भरलेला. दाराजवळच्या निळ्या जागेत एक व्हॅन उभी होती आणि तिच्या शेजारी तिरप्या रेघा मारलेला एक रिकामा पट्टा. अपंगांसाठी राखलेल्या निळ्या जागेत मी कधीच गाडी लावत नाही, याचा मला थोडा अभिमानच होता. रेघांवर मात्र लावली. "दोनच मिनिटं," असे बायकोला म्हणालो. आत माइक लागेना, वायर सापडेना. बाहेर आलो तेव्हा पंचवीस मिनिटे झाली होती आणि व्हॅनच्या मागे एक बाई व्हीलचेअरमध्ये, उन्हात थांबल्या होत्या. त्यांच्या व्हॅनचा रँप त्याच बाजूला उघडत होता. त्या रागावल्या नाहीत. मुलीला क्लासहून आणायला उशीर झाला आहे, गाडी जरा लवकर काढाल का, एवढेच म्हणाल्या. मी माफी मागितली, गाडी हलवली आणि आत जाऊन विवेकवादावरचे व्याख्यान ऐकले. त्यातले फारसे आठवत नाही.

मला तिकीट मिळाले नाही. मिळायला हवे होते.

त्या रेघांचा पट्टा म्हणजे उरलेली जागा नव्हे. रँप खाली उतरायला आणि खुर्ची वळवायला लागणारी ती जागा आहे : किमान पाच फूट, काही ठिकाणी आठ. निळे कार्ड असलेल्यालासुद्धा तिथे गाडी लावता येत नाही. म्हणजे राखीव जागेत घुसणारा आणि रेघांवर थांबणारा यांच्यात फरक एवढाच, की पहिल्यामुळे माणसाला उतरता येत नाही आणि दुसऱ्यामुळे घरी जाता येत नाही.

ही जागा कोणी दया म्हणून दिलेली नाही. आपल्यापैकी बरेच जण जिथे राहतात त्या बे एरियातच ही लढाई झाली. पोलिओने अपंगत्व आलेले एड रॉबर्ट्स १९६२ साली बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला आले. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९७२ साली अपंगांनी स्वतः चालवलेले सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभे केले. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्र सरकारी इमारतीत ज्युडी ह्यूमन आणि इतर शंभराहून अधिक जणांनी तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ ठिय्या दिला. त्यांना गरम जेवण पोचवत होते ब्लॅक पँथर्सचे कार्यकर्ते. मार्च १९९० मध्ये वॉशिंग्टनला आंदोलक आपल्या खुर्च्या खाली सोडून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले, आणि त्याच वर्षी अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. आज गाडीच्या चाकांखाली येणाऱ्या त्या रेघा तिथून आल्या आहेत.

आता थोडे अडचणीचे बोलतो. सासूबाई सहा महिने येतात, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टर फॉर्म भरून देतात, तात्पुरते कार्ड मिळते. सासूबाई पुण्याला परत जातात, कार्ड मात्र आरशाला लटकत राहते. "मुदत आहे ना अजून!" असे आपल्यातल्याच सुशिक्षित लोकांकडून मी ऐकले आहे. कार्ड गाडीचे नसते, माणसाचे असते. तो माणूस त्या फेरीत सोबत नसेल तर ते वापरणे बेकायदा आहे. निळ्या जागेच्या पाटीवर किमान २५० डॉलर दंड लिहिलेला असतो. पण आपल्या पगारांना तो दंड म्हणजे महागडे भाडे वाटते, आणि दंडाचे भाडे झाले की नियम फक्त गरिबांना लागू उरतो.

याची उलटी चूकही होते. निळ्या जागेतून कोणी ताठ चालत उतरला की आपण डोळे वटारतो. हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे बाहेरून दिसत नाही. कार्ड असेल तर चौकशी आपली नाही.

दुसरा नियम नवा आहे आणि अनेकांना ठाऊक नाही. २०२३ साली झालेल्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियात क्रॉसवॉकच्या अलीकडे, म्हणजे गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूला, वीस फुटांच्या आत गाडी उभी करता येत नाही. फुटपाथ पुढे काढलेला असेल तर हे अंतर पंधरा फूट. कडेला लाल रंग असो वा नसो. चौकात पट्टे रंगवलेले नसले तरी बहुतेक ठिकाणी कायद्याच्या लेखी क्रॉसवॉक असतोच. २०२५ पासून याचे तिकीट मिळते.

रंग नाही, पाटी नाही, मग कशाला, असे मलाही वाटले होते. म्हणून हिशेब केला. ताशी २५ मैलांनी येणारी गाडी सेकंदाला सुमारे ३७ फूट जाते. ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद धरा : ५५ फूट. थांबायला आणखी तीसेक. एकूण ८५ फूट, तेही कोरड्या रस्त्यावर. कोपऱ्यात आपली एसयूव्ही उभी असेल तर तिच्या बॉनेटपेक्षा बुटके मूल चालकाला दिसते ते रस्त्यात पाऊल टाकल्यावर. वीस फूट रिकामे ठेवले की ते कडेला उभे असतानाच दिसते. तिथे गाडी लावणारा स्वतः कोणाला धडक देत नाही. तो दुकानात असतो.

बाकीचे लायसन्सच्या पुस्तिकेत आहेच. आगीच्या नळापासून पंधरा फूट दूर राहा, उतारावर पुढची चाके कडेकडे वळवा, कडेपासून अठरा इंचांत गाडी ठेवा. आपण पुण्यात पी-१, पी-२ च्या पाट्या आणि सम-विषम तारखा बघत स्कूटर लावलेले लोक, आपल्याला हे जड नाही. जड जाते ती टोइंगची गाडी दिसत नसताना नियम पाळण्याची सवय.

पुढच्या कार्यक्रमाला सामान पिवळ्या कडेशी उतरवू. तिथे चालकाने सहसा गाडीपाशीच राहायचे असते, म्हणून ट्रे उचलायला आणखी दोघे लागतील. शिवाय कार्यक्रम सुरू होईपर्यंत रेघांच्या पट्ट्याजवळ एक जण उभा राहील. पहिली पाळी माझी. उरलेल्यांसाठी नावे कळवावीत.