कॉलेजांतील लेखन आणि आमचे विद्यार्थी

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेंतील एक तुकडी दरवर्षीं कॉलेजच्या वाटेस लागते. कोणी १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं येथेंच स्थापिलेल्या अहमदनगर कॉलेजांत जातात, कोणी पुण्यास, कोणी आपल्या तालुक्याच्याच ठिकाणीं. बारावीपर्यंत त्यांचें बरें चालतें. पुढें पदवीचा वर्ग सुरू झाला कीं त्यांजकडून एकच गाऱ्हाणें आमच्या कानीं येतें : तेथें लिहावयास फार देतात, आणि काय लिहावें तें समजत नाहीं. आज टिपण, उद्यां प्रकल्पाचा अहवाल, परवां पुस्तकाचें परीक्षण. शिवाय प्रयोगाचें जर्नल आहेच. विद्यार्थी म्हणतात, विषय कठीण आहेत. आमचें मत निराळें आहे. शाळांतून 'निबंध' या नांवाखालीं जो एक साचा घोटून घेण्यांत येतो, तोच बरोबर घेऊन हीं मुलें कॉलेजांत जातात, आणि तेथें मागितलेले चार निरनिराळे जिन्नस त्या एकाच साच्यांतून काढूं पाहतात.

तो साचा कोणास ठाऊक नाहीं ? आरंभीं एखादें सुभाषित, मध्यें अलंकारांनीं नटविलेले तीन परिच्छेद, शेवटीं उपदेश. 'पावसाळ्यांतील एक दिवस' हा विषय द्या, कीं पाथर्डीच्या मुलापासून कोपरगांवच्या मुलापर्यंत सर्वांच्या वह्यांतून एकच पाऊस पडतो. धरणीमाता हिरवा शालू नेसते, मोर नाचूं लागतात, नद्या दुथडी भरून वाहतात. ज्या मुलाच्या गांवीं आषाढ कोरडा गेला, ज्याच्या आईनें टँकरच्या रांगेंत पहांटेपासून हंडे मांडले, तोहि हाच शालू आणि हेच मोर लिहितो. कारण मार्गदर्शकांत तसें छापलें आहे, आणि त्यास गुण मिळतात. वर्षानुवर्षें असें लिहिल्यावर त्या मुलाची अशी समजूत होऊन बसते कीं, आपण डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट कागदावर उतरण्याच्या योग्यतेची नसते. कॉलेजांत गेल्यावर त्याची लेखणी अडते ती येथें. ('निबंध' या आपल्या शब्दांत बांधण्याचा अर्थ आहे. फ्रान्सांत माँतेन यानें १५८० सालीं आपल्या लेखांस जें नांव दिलें त्याचा अर्थ 'प्रयत्न' किंवा 'चांचणी' असा होता. आमच्या शाळांनीं बांधणें तेवढें घेतलें असें कधीं कधीं वाटतें.)

मराठी विद्यार्थ्याच्या हातून याहून वेगळें लेखन कधीं झालेंच नाहीं, असें मात्र नाहीं. या नगरांतच १८४२ सालीं निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्रानें १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत एका विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापला. मुक्ता हें तिचें नांव. मांग समाजांतील, वय सुमारें चौदा वर्षें, आणि पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणारी अशी ही मुलगी. मांग-महारांचें दुःख हा तिचा विषय. या निबंधांत शालू नाहीं आणि मोरहि नाहीं. त्यांत एक युक्तिवाद आहे : वेद हे केवळ ब्राह्मणांचे, इतरांस ते पाहण्याचाहि अधिकार नाहीं, असें जर आहे तर आमचें धर्मपुस्तक कोणतें, हा प्रश्न ती पायरीपायरीनें पुढें नेते. आणि त्यांत साक्ष आहे : पेशवाईंत आपल्या लोकांवर काय गुदरलें हें तिनें ऐकलें होतें, आणि डोक्यावर छप्पर नसतां थंडीवाऱ्यांत बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिच्या अवतीभोंवतीं होते. तें सारें तिनें मांडलें. आज एकशेंसत्तर वर्षांनंतरहि तो निबंध विद्वान् मंडळी अभ्यासीत आहेत. त्या मुलीपाशीं मार्गदर्शक पुस्तक नव्हतें.

कॉलेजांतील लेखनाचे प्रकार नांवांनीं वेगळे आहेत तसेच आंतूनहि वेगळे आहेत. प्रत्येकांत विचारलेली गोष्ट निराळी असते. परंतु प्रश्नांतील क्रियापद वाचण्याची संवय आमच्या मुलांस नसते. 'वर्णन करा', 'कारणें द्या', 'तुलना करा', 'चर्चा करा', 'मूल्यमापन करा' या सर्वांचा अर्थ त्यांस एकच वाटतो, तो असा कीं, जें येत असेल तें सर्व लिहा. आपल्या गांवची विहीर घ्या. तिचें वर्णन करावयाचें तर ती किती परस खोल, बांधलेली कीं कच्ची, मोट जाऊन विजेचा पंप केव्हां बसला, चैत्रांत पाणी कोठपर्यंत उतरतें, हें लिहावें लागेल. 'पाणी हेंच जीवन' हें वाक्य तेथें कांहीं कामाचें नाहीं. ती कां आटली असें विचारलें, तर वर्णन बाजूस ठेवून पाऊस, खडक, शेजारच्या कूपनलिका आणि ऊस यांचा एकमेकांशीं संबंध लावावा लागेल, व यांतलें मुख्य कारण कोणतें हें ठरवावें लागेल. जामखेडकडील विहिरीची श्रीरामपूरकडील प्रवरेच्या कालव्याशीं तुलना करा म्हटलें, तर अर्धें पान विहिरीचें आणि अर्धें पान कालव्याचें लिहून तुलना होत नाहीं. एकच माप दोहोंस लावलें पाहिजे : पाण्यावर हक्क कोणाचा, तें किती महिने पुरतें, त्यावर कोणतें पीक उभें राहतें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें ही माहिती त्या तुलनेंत उपयोगी पडेल. धरणाची शोभा पडणार नाहीं.

तुलना प्रामाणिकपणें केली तर ती सर्वांस रुचेल असेंहि नाहीं. महादेव गोविंद रानडे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत असतां त्यांनीं एका निबंधांत मराठी राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना करून मराठ्यांच्या बाजूनें कौल दिला. त्यावर प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलें जातें. रानड्यांनीं तो विषय सोडला नाहीं. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं निघाला.

विज्ञानशाखेकडे जाणाऱ्यांस वाटतें कीं, लेखनाची कटकट आपणांस नाहीं. उलट त्यांच्या जर्नलाइतकें सत्याची कसोटी पाहणारें लेखन दुसरें नसेल. साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढण्याचा प्रयोग घ्या. पुस्तकांत उत्तर ९८१ सेंटिमीटर असतें. विद्यार्थ्याचें ९६४ येतें. मग तो वेळेचे आंकडे मागच्या मागें बदलून उत्तर ९८१ च्या जवळ आणतो, आणि सुबक अक्षरांत लिहिलेलें जर्नल सहीसाठीं पुढें करतो. वस्तुतः पुस्तकांतील तें मूल्य साधारण ४५ अंश अक्षांशावरचें आहे. आपलें नगर १९ अंशांवर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंच. येथें तें ९७८ च्या थोडेंच वर भरतें. म्हणजे त्या बिचाऱ्यानें खोटें लिहिलें, आणि तेंहि परमुलखाचें ! त्यानें ९६४ हाच आंकडा ठेवून, दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजतां वरच्या टोकापर्यंतच मोजला गेला असें खालीं लिहिलें असतें, तर त्याचें तें पान सबंध जर्नलांत मोलाचें ठरलें असतें.

प्रकल्पाच्या अहवालासहि हेंच लागू आहे. अलीकडे पदवीच्या अभ्यासक्रमांत गांवोगांवीं जाऊन करावयाच्या पाहणीस अधिक जागा मिळूं लागली आहे, हें आम्हांस फार चांगलें वाटतें. आपल्या जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पडलेला पाऊस मोजतात, विहिरींच्या पाण्याची पातळी पाहतात, आणि गांवापाशीं पाणी किती आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढें ठेवून मग पिकें ठरवितात. तो हिशेब म्हणजे उत्तम अहवालाचा नमुना होय : काय मोजलें, कोठें मोजलें, केव्हां मोजलें आणि त्यावरून काय ठरलें. हिवरे बाजारास जाऊन आलेले विद्यार्थी मात्र पुष्कळदां 'आदर्श गांवाचें नंदनवन' असें लिहून आणतात, आणि पाऊस किती मिलिमीटर पडला तें सांगत नाहींत.

ज्या प्रकाराची मुलांस सर्वांत अधिक भीति वाटते तो म्हणजे शोधलेख, अनेक ग्रंथ वाचून वर्गापुढें वाचावयाचा. याचें एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यानें समोर ठेवावें असें आम्हांस वाटतें. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेलेल्या भीमराव आंबेडकरांनीं ९ मे १९१६ रोजीं प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रांत हिंदुस्थानांतील जातींवर एक लेख वाचला. त्यांचें वय तेव्हां पंचवीस वर्षांचें होतें. पुढल्या वर्षीं तो 'इंडियन अँटिक्वरी' या मासिकांत छापला गेला. या लेखाची रचना पाहावी. आधीं सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीविषयींच्या व्याख्या ते पुढें ठेवतात; कोणाची थट्टा करीत नाहींत, आणि कोणापुढें मानहि तुकवीत नाहींत. हे केतकर म्हणजे पुढें ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेंत विद्यार्थी असतांच त्यांनीं १९०९ सालीं जातिसंस्थेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जातीच्या दोन खुणा त्यांनीं सांगितल्या : जन्मानेंच जातींत प्रवेश आणि जातीबाहेर विवाहास बंदी. आंबेडकर ही व्याख्या इतरांहून सरस मानतात, आणि लगेच दाखवितात कीं, या दोन खुणा वस्तुतः एकच आहेत. बाहेर विवाह बंद केला म्हणजे बाहेरच्याचा प्रवेश आपोआप बंद होतो. येथून पुढें त्यांचा स्वतःचा सिद्धान्त सुरू होतो. दुसऱ्याचें म्हणणें नीट सांगणें, तें कोठपर्यंत बरोबर हें दाखविणें, आणि जेथें तें अपुरें पडतें तेथून आपलें पाऊल पुढें टाकणें, हें काम शोधलेखांत करावयाचें असतें.

आणखी एक गोष्ट लक्षांत येण्याजोगी आहे. जातीचे चटके आंबेडकरांनीं स्वतः सोसले होते. तरी त्या लेखांत ते आपली हकीकत सांगत नाहींत. मुक्तेनें सांगितली. दुःख एकाच मुळाचें, परंतु तिला वाचकाच्या मनास जागें करावयाचें होतें, तर यांना पंडितांच्या सभेंत जात म्हणजे काय हें सिद्ध करावयाचें होतें. कोणतें लेखन आपली साक्ष मागतें आणि कोणतें आपला न्याय मागतें, हें ओळखतां आलें म्हणजे कॉलेजांतील निम्मी भीति जाईल असें आम्ही मानतों.

पुस्तकपरीक्षणाविषयीं थोडेंच सांगूं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' परीक्षणास दिलीं, तर विद्यार्थी दोन पानें लेखिकेचें चरित्र देतो आणि शेवटीं 'भाषा ओघवती आहे' असें म्हणून मोकळा होतो. ज्या बाईस लिहावाचावयास लग्नानंतर घरींच शिकावें लागलें, तिचें गद्य बोलण्याच्या इतकें जवळ कां, आणि स्वतःच्या फजितीवर ती कशी हंसते, हें दोन उतारे दाखवून सांगितलें तर तें परीक्षण होईल.

आतां नकलेची गोष्ट. पूर्वीं वरच्या वर्गांतील मुलाची वही उतरून घेत; २०२२ सालच्या नोव्हेंबरांत चॅट-जीपीटी सर्वांस खुलें झाल्यापासून मोबाइलला प्रश्न घातला कीं लेख तयार होऊन येतो. याविषयीं पापपुण्याचीं व्याख्यानें पुष्कळ झालीं आहेत. आम्हांस दुसरीच चिंता वाटते. जें मूल मार्गदर्शकाच्या शालूमोरांनीं आधींच मुकें झालें, त्यास हें यंत्र कायमचें मुकें करील. शब्दाचा अर्थ, इंग्रजी वाक्यांतील चूक, एखाद्या ग्रंथाचा ठावठिकाणा, हें त्यास खुशाल विचारावें, आणि मिळालेलें उत्तर ताडून पाहावें. परंतु तुमच्या मळ्यांतील विहीर त्यानें पाहिलेली नाहीं, आणि तुमचा लंबक त्यानें हालविलेला नाहीं. इंग्रजींत लिहावयाचें असलें तरी मुद्दे आधीं मराठींत मांडून पाहावे, म्हणजे आपणांस खरोखर काय म्हणावयाचें आहे तें कळतें.

पालकांस आमची एक विनंति आहे. पुष्कळ पालक म्हणतात, आम्ही शिकलों नाहीं, कॉलेजच्या लेखनांत आम्ही काय मदत करणार ? पाथर्डी-शेवगांवकडून ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांस उचल कशी मिळते, कोयत्याचा हिशेब कसा होतो, आणि कारखान्याच्या अड्ड्यावर मुलांच्या शाळेचें काय होतें, हें अर्थशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांहून अधिक ठाऊक असतें. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेलीं माणसें अजून घरोघरीं आहेत; त्या कामावर मजुरी काय होती, सुकडी केव्हां मिळे, गुरें कोठें नेलीं, हें विचारणारा विद्यार्थी फार दिवस मिळेल, पण सांगणारीं तीं माणसें मिळणार नाहींत. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन पुढें बसली, तर त्यांस एक तास द्यावा, आणि आंकडा आठवत नसेल तर आठवत नाहीं असें सांगावें. विद्यार्थ्यांनीं तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें, आणि सांगणाराची परवानगी घेऊन त्याखालीं त्यांचें नांव, गांव व तारीख घालावी.