पोरगं त्रेसष्टचे ३६ का लिहितं? चूक पोराची नाही, पद्धतीची

दुसरी-तिसरीतल्या पोराला ‘त्रेसष्ट लिही’ म्हटलं की बऱ्याचदा ते ३६ लिहितं. घरात लगेच ओरडा बसतो, ‘ध्यान कुठं आहे तुझं?’ खरं तर ध्यान तिथंच असतं. कानावर आधी ‘त्रे’ म्हणजे तीन पडलं, म्हणून त्यानं आधी ३ काढला.

मराठीत आपण एकक आधी बोलतो, दशक मागनं. लिहिताना मात्र दशक आधी. त्यात एकोणतीस म्हणायचं तिसाच्या नावानं आणि लिहायचं २९! निपाणी-चिकोडीकडं कानडीत ६३ ला ‘अरवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे साठ-तीन. इंग्रजीतही सिक्स्टी थ्री. जसं बोललं तसं लिहिलं.

हीच अडचण ओळखून बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन दिलं. शेजारी ‘एकवीस’ही ठेवलं होतं. तरी केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली म्हणून ओरड झाली, विधानसभेतही टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळं लहान मुलं गोंधळतात, गणिताची धास्ती घेतात. त्या २०२३ मध्ये गेल्या. वाद विरला, अडचण तशीच राहिली.

ती किती मोठी आहे बघा. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या १०० पैकी साधारण ३४ मुलांनाच हातच्याची वजाबाकी आली. सगळा दोष आकड्यांच्या नावांचा नाही. पण ज्याला ६३ म्हणजे सहा दहा आणि तीन सुटे हे कळलं नाही, त्याला हातचा तरी कसा कळणार? दहा मोडून सुटे करणं, एवढाच तर हातचा.

इंग्रजी माध्यमातल्या पोरांची गंमत वेगळीच. वडगावच्या बाजारात भाजीवाली ‘पंचेचाळीस’ म्हणाली की पोरगं आईकडं बघतं, ‘म्हणजे किती?’

यावर खर्च काही नाही. दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करा. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढं ठेवा. आधी ‘साठ आणि तीन’ म्हणू द्या, मग ‘त्रेसष्ट’ सांगा. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊनही हेच जमतं. त्रेसष्टमधनं आठ द्यायचे तर दहाची एक नोट मोडावी लागते, हे पोराच्या हातानं होऊ द्या. पाढे पाठ करणं त्यानंतर.

‘निपुण भारत’ योजनेत २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान यावं असं ठरलंय. शाळा तिचं काम करेल. आपण पालकसभेला गेलो की ‘मार्क किती पडले?’ एवढंच विचारतो. त्याऐवजी गुरुजींना, बाईंना विचारा, ‘आमच्या पोराला दशक-एकक कळलंय का?’