ओटीवरचीं कोडीं : उंबऱ्याशीं अडखळणारा

गेल्या अंकीं याच पानावर पुढील कोडें घातलें होतें :

रोज येतो येतो म्हणे, उंबऱ्याशीं अडखळे;
कोंबड्याच्या बांगेसवें जुनें नांव त्याचें गळे.
देणेकरी त्याला भजे, घेणेकरी त्यास विटे;
सर्वांमुखीं नांदे तरी कधीं कोणा न तो भेटे.

उत्तरें पुष्कळ आलीं. कांहीं घरांतून तर एकाच पाकिटांत तीन तीन उत्तरें आहेत. सासऱ्यांचें एक, सुनेचें दुसरें, आणि नातवंडांनीं त्या दोहोंस खोडून काढून लिहिलेलें तिसरें. लहान मुलांनीं बहुतेक ‘चंद्र’ किंवा ‘पाहुणा’ असें लिहिलें आहे. त्यांचा दोष नाहीं. आमच्या कापड्यास आषाढांत पाऊस एकदां बसला म्हणजे दिवेलागणीनंतर ओटी सोडून कोठें जातां येत नाहीं, आणि मुलांचीं कोडीं तेथेंच रंगतात. पण तीं सारीं वस्तूंचीं. नारळ, पणती, जातें, मक्याचें कणीस. त्यांस आकार आहे, रंग आहे, पोटांत कांहीं तरी दडलेलें आहे. डोळे मिटून ती वस्तु समोर आणली कीं उत्तर सांपडतें. ज्या गोष्टीस आकारच नाहीं तिचें कोडें पुढें आलें कीं हींच चलाख मुलें अडतात, कारण तीं नामें धुंडीत बसतात. अशा ठिकाणीं क्रियापदें धरावीं. येतो, अडखळतो, नांव टाकतो, भेटत नाहीं. हीं चार कृत्यें करणारा कोण, एवढेंच विचारावें.

ही युक्ति नवी नव्हे. वनपर्वांतील यक्षानें धर्मराजास विचारलें कीं वाऱ्याहून वेगवान् काय, आणि गवताहून संख्येनें अधिक काय. उत्तरें आलीं मन आणि चिंता. दोहोंसही रूप नाहीं. वेग आणि वाढ या त्यांच्या करणीवरून तीं ओळखावयाचीं. आणि तेथें चार भाऊ तळ्याच्या कांठीं निश्चेष्ट पडलेले होते, हें विसरूं नये. दंडीनें काव्यादर्शांत प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगून त्यांचे उपयोग दिले आहेत : गोष्टींत करमणूक, गर्दींत गुप्त बोलणें, आणि दुसऱ्यास गोंधळांत पाडणें. यक्षाच्या कोड्यांचा उपयोग यांपैकीं कोणत्या खणांत बसवावा, हें सांगणें कठीण आहे.

आतां आलेल्या उत्तरांचा निवाडा. ‘स्वप्न’ हें नपुंसकलिंगी, शिवाय तें रोज रात्रीं भेटतें. ‘मरण’ लिहिणारे दोघे तिघे आहेत. तें कधीं कोणास भेटत नाहीं असें म्हणण्याची सोय असती तर काय हवें होतें! ‘वायदा’ हें उत्तर मात्र झटकून टाकण्यासारखें नाहीं. एका घरांतील सूनबाईंनीं तें पाठवून खालीं लिहिलें आहे, ‘मामंजी म्हणतात आशा, मी म्हणतें वायदा, निवाडा आपण करावा.’ वायदा रोज येतो येतो म्हणतो खरा. देणेकऱ्यास तो प्रिय, घेणेकऱ्यास नकोसा, आणि जगांत सर्वांच्या तोंडीं. परंतु कोंबडा आरवला म्हणून वायद्याचें नांव बदलत नाहीं. तो वायदाच राहतो. तीन चरण जुळले तर परीक्षेंत शेंकडा पाऊणशें गुण मिळतील, कोडें मात्र सुटत नाहीं. मामंजींची ‘आशा’ त्याहून लांब पडली. आशा स्त्रीलिंगी आहे, आणि घेणेकरी तिला विटत नाहीं. उलट तिच्यावरच तो खेपा घालीत असतो. सूनबाई हरल्या, पण मामंजींच्या पुढें राहून हरल्या, असा आमचा निकाल.

उत्तर आहे ‘उद्यां’.

रात्रीपर्यंत तो उद्यां असतो. उजाडतांच त्याचें जुनें नांव गळतें आणि ‘आज’ हें नवें नांव पडतें. येथें एका वाचकांनीं हरकत घेतली आहे. ते लिहितात कीं हल्लीं उद्यांचा आज कोंबडा करीत नाहीं, घड्याळ करतें, आणि तेंही मध्यरात्रीं बारा वाजतां. मोबाइलवरची तारीख त्या क्षणीं बदलते, तेव्हां दुसरा चरण चुकीचा आहे. हरकत मार्मिक आहे, पण तिला उत्तरही तितकेंच जुनें आहे. पाणिनीच्या एका सूत्रावर लिहितांना काशिकाकारांनीं ‘अद्यतन’ काळाचीं दोन मतें दिलीं आहेत. एका मतें माणसानें रीतीप्रमाणें उठावें तेव्हांपासून रीतीप्रमाणें निजावें तोंपर्यंत आज. दुसऱ्या मतें दिवस, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी रात्र, म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. कोंबड्याचा पक्ष आणि घड्याळाचा पक्ष असे दोन्ही तेव्हांही होतेच. आणि पाणिनि काय म्हणतो? हें शास्त्रानें शिकवावयाचें कारण नाहीं, तें लोकांवरूनच कळतें. ज्या आचार्यानें आजचा भविष्यकाळ आणि उद्यांपासूनचा भविष्यकाळ यांस क्रियापदाचीं निरनिराळीं रूपें सांगितलीं, त्यानें आज कोठें संपतो हें मात्र लोकांवर सोडलें!

लोकांवर सोडल्यानें काय होतें त्याचें उदाहरण त्याच टपालांत आलें. मुंबईस नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनीं वडिलांच्या वर्षश्राद्धासाठीं रात्रीं साडेबाराच्या गाडीचें तिकीट काढलें. श्राद्ध रविवारीं. तिकिटावर शनिवारची तारीख होती, म्हणून शनिवारीं जेवण आटोपून ते थांब्यावर गेले. गाडी तर चोवीस तासांपूर्वींच गेलेली. त्यांचा शनिवार उजाडल्यावर सुरू होत होता, तिकिटाचा शुक्रवारीं मध्यरात्रींच सुरू झाला होता. पहांटे मिळेल त्या वाहनानें ते निघाले, आणि धाकट्या भावानें पिंड ठेवून झाल्यावर घरीं पोंचले. पंचांगांतला दिवस सूर्योदयापासून धरावयाचा आणि गाडीचा मध्यरात्रीपासून, हें घरांतील मुलांस एकदां बसवून सांगावें. मध्यरात्रीनंतरच्या गाडीस तिकिटावरील तारखेच्या आदल्या रात्रीं घरून निघावयाचें असतें.

हिंदी भाषेंत हें कोडें घालतां येणार नाहीं, असेंही जातां जातां सांगतों. तेथें ‘कल’ म्हणजे उद्यां आणि ‘कल’ म्हणजेच काल. टाकलेलें नांव एक दिवसानें पुन्हां अंगावर चढतें. आमच्या भाषेंत गळलें तें गळलें. यास्कानें निरुक्तांत दोहोंची निरनिराळी व्युत्पत्ति दिली आहे : ‘श्वः’ म्हणजे ज्याची आशा धरावयाची तो काळ, आणि ‘ह्यः’ म्हणजे सुटून मागें राहिलेला काळ. तेव्हां ‘आशा’ लिहिणाऱ्या मामंजींनीं अगदींच खिन्न होऊं नये; त्यांस यास्काचा शेजार लाभला आहे.

तिसऱ्या चरणाचा दाखलाही त्याच प्रकरणांत मिळतो. अगस्त्यानें इंद्रासाठीं हवि काढून ठेवला आणि मग तो मरुतांस देण्याचें मनांत आणलें. इंद्र येऊन विलाप करूं लागला कीं हें आज नाहीं आणि उद्यांही नाहीं. देवांचा राजा झाला तरी त्या वेळीं तो घेणेकरीच होता, आणि घेणेकऱ्यास उद्यांचा भरंवसा कसा वाटतो तें त्यानें सांगून टाकलें. आमच्या बाजारपेठेंतील दुकानदार वेद न वाचतांही तेंच जाणतात. ‘आज रोख, उद्यां उधार’ ही पाटी कोणीं पाहिली नाहीं? पाटी खोटें बोलत नाहीं आणि उधारही देत नाहीं, कारण उद्यां कोणत्याही गिऱ्हाइकाबरोबर दुकानाची पायरी चढत नाहीं. व्याकरणांत उद्यां हें अव्यय आहे. ज्याचा व्यय होत नाहीं तें अव्यय. देणेकऱ्यानें कितीही वापरला तरी त्याचा उद्यां संपत नाहीं, तो याचमुळें असावा. (लिंग नसलेल्या अव्ययास कोड्यांत ‘तो’ कां म्हटलें, असें विचारणाऱ्यांनीं ‘उद्यांचा दिवस’ असें पूर्ण म्हणून पहावें.)

चौथ्या चरणाबद्दल एका आजीबाईंनीं नातीकडून लिहवून घेतलें आहे कीं, ‘भेटत कसा नाहीं? नांव बदलून का होईना, तो भेटतोच कीं.’ बहुतेकांस भेटतो, हें खरें. परंतु २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानींतील जुना पूल पुरांत गेला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या उतारूंसह अंधारांत नदींत गेल्या. त्या उतारूंनीं निघतांना घरच्यांस काय सांगितलें असेल? ‘उद्यां सकाळीं पोंचतों,’ याहून निराळें कोकणांतला माणूस कांहीं सांगत नाहीं. पुढल्या वर्षीं जूनमध्यें नवा पूल खुला झाला आणि गाड्या पूर्ववत् जाऊं लागल्या. तीच सावित्री आमच्या खोऱ्यांतून महाडाकडे उतरते. तेव्हांपासून पावसाळ्यांत रात्रींचा प्रवास निघाला कीं घरांतील वडील माणसें ‘उद्यां पोंचतों’ एवढ्यावर भागवूं देत नाहींत, वाटेंतून दोनदां फोन करावयास लावतात.

आणखी एक. गांवाच्या पारावरील पिंपळाचें संस्कृत नांव अश्वत्थ. गीतेच्या पंधराव्या अध्यायावरील भाष्यांत शंकराचार्यांनीं त्याचा अर्थ लावला आहे : जो उद्यांपर्यंतही टिकणार नाहीं तो. संसारवृक्षाबद्दल तें बोलणें आहे, हें ठाऊक आहे. तरी चार पिढ्यांस सांवली देणाऱ्या झाडास हें नांव पडावें, याची आम्हांस मोठी गंमत वाटते.

पुढील अंकासाठीं कोडें देतों. या वेळीं उत्तर अव्यय नाहीं, नाम आहे, पुल्लिंगी आहे, आणि चारही चरण जुळल्याशिवाय पाकीट बंद करूं नये.

दिला तरी उरे हातीं, मोडे तरी ना तुकडा;
ताजव्यांत नाहीं भार, ओढी परी घरगाडा.