छताचा डाग

आमच्या बेडरूमच्या छतावर एक डाग आहे. आकार साधारण श्रीलंकेसारखा. गेल्या दोन दिवाळ्यांना तो मी स्वतः स्टुलावर चढून रंगवला. पंखा उतरवला, खाली जुने पेपर अंथरले. खरवडणं, पुट्टी, घासकागद, प्रायमर, वर डिस्टेंपरचे दोन हात. मान अशी आखडली की विचारू नका. आणि जुलैत श्रीलंका परत हजर, येताना मालदीवही घेऊन!

ऑफिसात कोणी एरर मेसेज लपवून बग बंद केला तर मी त्याला सोडत नाही. घरी मात्र तेच करत होतो. डाग हा नुसता मेसेज. बग वर गच्चीत आहे, कोब्याला गेलेल्या तड्यांत. स्लॅबमध्ये ओल असताना रंग लावला, की बाहेर येणारं पाणी क्षार आणतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

मग दोन वर्षं गप्प का? कारण रंगाचा डबा आणणं सोपं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलणं अवघड. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत चक्क लिहिलंय: गच्चीतून पावसाचं पाणी गळून सर्वात वरच्या मजल्याचं छत, प्लास्टर खराब झालं तर दुरुस्तीचा खर्च संस्थेचा. मी हे परवा प्रथमच वाचलं.

अर्ज दिलाय. सेक्रेटरी काका रोज लिफ्टमध्ये भेटतात, माणूस चांगला आहे. थोडा वाईटपणा येईल, येऊ दे.

आधी गच्ची, मग छत नीट सुकू दे, मग ब्रश. "दिवाळीला पाहुणे काय म्हणतील?" इति आई. म्हणू देत. यंदा डाग तसाच राहणार.