ठराव पुरे, अमल हवा

उर्दूत 'इल्म' आणि 'अमल' हे शब्द जोडीने येतात. मराठीतल्या 'अंमलबजावणी'तही तोच अमल आहे. आपल्या जलशांत मात्र ही जोडी कधीच तुटली आहे. जळगाव असो की धुळे, तालीमवर तकरीर झाली नाही असे वर्ष जात नाही. शेवटी ठराव होतो, टाळ्या पडतात, जेवणे होतात. आणि सातवी-आठवीतून घरी बसलेली मुलगी घरीच राहते.

'समाजाने विचार करायला हवा' असे सांगणाऱ्यांना विचारावेसे वाटते, अजून कोणता विचार शिल्लक आहे? सच्चर समितीने २००६ साली आपली दैना आकड्यांनिशी मांडली. महाराष्ट्रात महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ साली पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने त्यातल्या शिक्षणाच्या भागाला मुभा दिली, तरी त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. सरकारचा दोष आहेच, तो ठणकावून सांगावा. पण सरकार काही करीत नाही म्हणून आपणही काही करायचे नाही, हा कुठला न्याय?

'अजून वेळ आलेली नाही' ही दुसरी सबब. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई तलाकपीडित महिलांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, तेव्हा मोर्चात सात बायका होत्या. सातच! दलवाईंचे सगळे विचार पटलेच पाहिजेत असे नाही. पण त्यांनी गर्दी जमण्याची वाट पाहिली नाही. एका दमात दिलेल्या तिहेरी तलाकला सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले ते २०१७ साली, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. त्या सातजणी वेळेची वाट पाहत बसल्या असत्या तर हा प्रश्न रस्त्यावर कोणी आणला असता?

लांब कशाला, आपल्या जळगावातच १९८२ साली मुस्लीम बायकांनी थिएटरात सिनेमा पाहू नये अशी बंदी घातली गेली. त्याविरुद्ध रझिया पटेल उभ्या राहिल्या. त्या ठराव करून थांबल्या नाहीत.

आज करण्यासारखे काय आहे? उर्दू माध्यमाचा मुलगा हुशार असूनही तलाठी, पोलीस भरतीच्या मराठी पेपरपाशी अडतो. उर्दू आपली आहेच, तिला धक्का न लावता प्रत्येक उर्दू शाळेत रोज एक तास मराठी बोलण्याचा ठेवता येईल. त्याला सरकारी आदेश लागत नाही, मास्तर लागतो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल टाकून दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देता येतील. त्याला चंदा लागत नाही, दोन शिकलेली पोरे लागतात. प्रत्येक मोहल्ल्यात शाळा सोडलेल्या मुलींची एक वही ठेवता येईल आणि त्यांच्या घरी जाऊन अब्बा-अम्मींशी बोलता येईल. यंत्रमागावर बारा तास राबणारा बाप तकरीर ऐकायला येणार नाही. आपणच त्याच्या दारी जायला हवे.

यात टाळ्या नाहीत, हार नाहीत, पेपरात फोटो नाही. म्हणूनच हे काम पडून आहे.

पुढच्या जलशात माइक हाती घेणाऱ्याला श्रोत्यांनी आधी एकच सवाल करावा : जनाब, गेल्या वर्षी ठराव केलात, त्यानंतर आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुली दहावीला बसल्या? आकडा सांगा, मग तकरीर करा.