मामा, जरा बाजूला!

माणसाला आयुष्यात काही पदे कर्तृत्वाने मिळतात, काही आपोआप. कर्तृत्वाने मला मिळालेले पद म्हणजे बँकेतली कारकुनी. पंचवीस वर्षे मी काउंटरच्या आत आणि जग काउंटरच्या बाहेर, असा आमचा करार आहे. आपोआप मिळालेले पद म्हणजे मामा. ताईला मुलगी झाली त्या दिवशी परीक्षा नाही, मुलाखत नाही, बदलीची अट नाही, आणि मी मामा! या पदाला पगार नाही; उलट अधूनमधून पदराला खारच लागतो. पण एक दिवस असा येतो की भरल्या मांडवात गुरुजी माईकवरून ओरडतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!" आणि पाचशे माणसे मान वळवून आपल्याकडे बघतात. एरवी माझ्याकडे इतकी माणसे एकदम बघतात ती फक्त सर्व्हर बंद पडल्यावर, आणि त्या नजरेत अक्षता नसतात.

या एका दिवसासाठी मी सव्वीस वर्षे दबा धरून बसलो होतो.

आमची चिमी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. लोकांचे रक्त काढते, पण इतक्या हळू हाताने की पेशंट विचारतात, झालं? (पुढे या लग्नात रक्त काढायचे काम दुसऱ्याने केले आणि ते सगळ्यांना व्यवस्थित कळले.) मुलगी अबोल. चारचौघांत गाणे म्हण म्हटले की हिला खोकला येतो. जावई कॉलेजात भूगोल शिकवतात आणि रविवारी पाठीवर पिशवी टाकून गड चढतात. हरिश्चंद्रगडावर त्यांचा पाय मुरगळला, चिमीने आपल्या औषधांच्या डब्यातून क्रेपची पट्टी काढून बांधली, आणि पाय बरा झाला तरी पट्टी सुटली नाही. इतकी साधी, नीट गोष्ट.

लग्न ठरल्यावर चिमी मला म्हणाली, "मामा, आमचं लग्न आमच्यासारखं हवं. टिपिकल नको."

मला आनंद झाला. आता तुम्हाला वाटेल, हा चाळिशी उलटलेला गृहस्थ 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे पालुपद लावणार. मुळीच नाही. आमच्या वेळी काय होते ते मला माहीत आहे. मी तिथे होतो. माझ्या लग्नात माझ्या व्यक्तिमत्त्वाची चौकशी एकदाच झाली, ती बुटांच्या मापासाठी. नवरा आणि नवरी हे दोघे त्या समारंभाला निमंत्रितांपैकीच होते. मठ्ठ्यात कोथिंबीर नाही म्हणून आमचे एक काका रुसले आणि त्यांची समजूत काढण्यात मुहूर्त सात मिनिटे टळला. हुंडा १९६१ च्या कायद्याने बंद केला, पण मानपान नावाचा त्याचा धाकटा भाऊ अजून प्रत्येक हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेला असतो. तेव्हा पोरांनी 'आमच्यासारखं' म्हटले तर चुकले कुठे?

चुकले ते पुढे. चिमीसारखे लग्न करण्यासाठी चिमीला ओळखणारी पन्नास माणसे घरात असताना, तिला कधीही न पाहिलेला एक इव्हेंटवाला बोलावण्यात आला.

चटपटीत तरुण. मांडीवर लॅपटॉप. "आम्ही लग्न करत नाही, काका, आम्ही तुमची स्टोरी सांगतो," म्हणाला. मग त्याने तीन पानी फॉर्म काढला आणि माझा जीव भांड्यात पडण्याऐवजी भांड्याबाहेर पडला. कारण फॉर्म या विषयातला मी जाणकार आहे. आमच्या बँकेतही 'खास आपल्यासाठी' अशी कर्जयोजना निघते. पत्राची सुरुवात 'प्रिय ग्राहक' अशी असते, आणि ते पत्र एकाच दिवशी हजारो खास माणसांना जाते. एकदा ते तीन वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांना गेले. त्यांचे चिरंजीव ते घेऊन काउंटरवर आले तेव्हा काउंटरच्या आत मी होतो.

"निसर्ग की राजेशाही?" त्याने विचारले.

"आम्हाला डोंगर आवडतात," चिमी हळूच म्हणाली.

त्याने 'निसर्ग'वर बरोबरची खूण केली. बस्स! एका बोटाच्या टिचकीने माझ्या भाचीचे व्यक्तिमत्त्व उलगडले. निसर्ग म्हणजे काय, हे पुढे बिलात सविस्तर आले: प्लॅस्टिकच्या वेली, हिरव्या गालिच्याची हिरवळ, पाण्याचे कारंजे, वरून फिरणारा ड्रोन, आणि 'ढग: २२,००० रुपये'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ढगच! नवरानवरी मंडपात येताना यंत्रातून पांढरा धूर सोडतात आणि जोडपे त्यातून अवतरते म्हणे. "डोंगर आवडतात ना," तो म्हणाला, "मग ढग हवेतच!"

त्याच यादीत तळाशी 'ब्राइडल एन्ट्री' होती. चौघेजण फुलांची चादर धरणार, खाली चिमी एकटी चालत येणार, मागे गाणे. मी विचारले, "आणि मामा?" तो फॉर्म वर-खाली शोधत राहिला. मामाचा रकाना नव्हता.

लग्नाआधीच्या फोटोंसाठी हरिश्चंद्रगड सुचवला, तर दिवे आणि छत्र्या घेऊन तितके चढणार कोण? म्हणून वसईच्या किल्ल्यात गेलो. मीही गेलो, पाण्याच्या बाटल्या धरायला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. आमची चिमी तिथे भाड्याचा वीस फुटी झगा सावरत एका कमानीखाली उभी होती आणि मागे आणखी पाच जोडपी त्याच कमानीसाठी नंबर लावून होती. झगे निराळे, पण पोझ तीच: त्याने तिला उचलायचे आणि तिने आभाळाकडे बघून हसायचे. जावयांचा मुरगळलेला पाय पुन्हा लचकला. औषधांचा डबा घरी राहिला होता.

माझा या सगळ्यावर राग आहे आणि तो लपवायचे मला कारण दिसत नाही. हौसेवर राग नाही. लोकांनी कर्ज न काढता हत्तीवरून वरात काढली तर मी फूटपाथवर उभा राहून टाळ्या वाजवीन. माझे भांडण 'आमच्यासारखं' या शब्दाच्या चोरीशी आहे. टिपिकल लग्न निदान आपण टिपिकल आहोत असे कबूल तरी करत होते! चेकवर नाव खोडून दुसरे लिहिले तर आम्ही चेक परत करतो. या लग्नाच्या पत्रिकेवरचे नाव खोडून त्या कमानीखालच्या पाचांपैकी कुणाचेही लिहिले असते, तरी ते लग्न वटले असते. आणि ज्याला खाडाखोड चालते ते 'खास' कसले?

एका गुरुवारी ताई माझ्या काउंटरवर आली. भावोजींच्या ग्रॅच्युइटीच्या तीन मुदत ठेवी होत्या. तिन्ही मुदतीआधी मोडायच्या. मी नियमाप्रमाणे सांगितले की व्याज कमी मिळेल. ती म्हणाली, "माहितेय रे." फॉर्मवर कारण या रकान्यात तिने 'मुलीचे लग्न' लिहिले. मी मनातल्या मनात 'ढग' लिहिले.

"ताई, हे सगळं हवंय तुला?"

"मला कशाला हवं? तिला हौस आहे. एकुलती एक पोर."

संध्याकाळी चिमीला फोन केला. ती म्हणाली, "मला कुठे काय, मामा? आईला हौस आहे. तिच्या लग्नात काही झालं नव्हतं ना." विहीणबाईंकडे चौकशी केली, तर त्या म्हणाल्या, मुलीकडच्यांची हौस, आपण कशाला मोडा? आणि जावयांना वाटत होते की अबोल मुलींना आतून ढग आवडत असावेत!

मी कॉमर्सचा पदवीधर. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. इथे नावे बाजूला साडेचौदा लाख आणि जमेच्या बाजूला हौस म्हणून ज्याचे त्याचे बोट दुसऱ्याकडे. साऱ्या खात्यात खरी हौस एकालाच होती, आणि तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

रविवारी मी ताईच्या डोंबिवलीच्या घरी दोन्हीकडची मंडळी जमवली आणि भाषण केले. आयुष्यातले पहिले. म्हटले, लग्न आपल्यासारखे करायचे तर आपल्या देशात अडवतो कोण? १९५४ चा विशेष विवाह कायदा काढून बघा. महिनाभर आधी नोटीस द्या. मग विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजेल त्या भाषेत, मी तुझा जोडीदार म्हणून स्वीकार करतो, इतके एकमेकांना सांगा. बाकी सोहळा कुठल्याही पद्धतीने करा असे कायदाच म्हणतो. ढगांचा उल्लेख नाही. हिंदू विवाह कायद्यात, १९५५ च्या, आपल्या रूढीचे विधी पुरतात. त्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला काम पुरे. लग्न म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे, हे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले!

आणि पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ ला पहिले लग्न लावले, भटजीवाचून. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर मुक्याने उभे राहत नाहीत, एकमेकांशी बोलतात. नवरी बायकांच्या हक्कांचे विचारते आणि नवऱ्याला चारचौघांदेखत शब्द द्यावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वी! याला म्हणतात आपले लग्न आपल्यासारखे. तेवढे धैर्य नसेल तर २०२१ चा एप्रिल आठवा. कोरोनात सरकारने हुकूम काढला: एकच हॉल, पंचवीस माणसे, दोन तास, आणि मोडाल तर पन्नास हजार दंड. त्या दोन तासांत लागलेली लग्ने काय कच्ची राहिली? आमच्या शेजारच्या मुलाचे तसेच झाले. त्याला दोन मुली आहेत आणि दोन्ही चांगल्या पक्क्या रडतात.

जावई उत्साहाने म्हणाले, "मग नोंदणीच करू या!" त्याबरोबर दोन्ही आया एकदम रडू लागल्या. दोन्ही घराण्यांचे एकमत झाल्याचा तो पहिला प्रसंग. तेव्हा क्रांती तिथेच थांबली आणि चहा आला.

पण चहानंतर चिमी उठली, बिलाची यादी घेतली, आणि लॅबमध्ये नळ्यांवर खुणा करते तशी शांतपणे एकेक ओळ खोडू लागली. ड्रोन गेला. कारंजे गेले. नाच बसवणारी बाई गेली. (चिमीचा खोकलाही त्याच क्षणी गेला.) फुलांची चादर खोडून तिने तिथे 'मामा' असे लिहिले. मी त्या वेळी खिडकीतून रस्त्यावरची रिक्षा बघत होतो, असे समजा. ढग तेवढे राहिले, कारण त्यांची आगाऊ रक्कम परत मिळणार नव्हती. तीनपैकी एकच ठेव मोडली. दोन पावत्या ताईने माझ्या हातून परत घेऊन पिशवीच्या तळाशी ठेवल्या.

मोकळ्या झालेल्या जागेत मग माणसे शिरली. रुखवतात लाडू-चकल्यांच्या शेजारी चिमीचा तो औषधांचा डबा, क्रेपच्या पट्टीसकट. जावयांच्या आत्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी मंगलाष्टक रचायला घेतले. शार्दूलविक्रीडित म्हणजे ओळीला एकोणीस अक्षरे, बाराव्याला थांबायचे. चार दिवस त्या 'हरिश्चंद्रगड' बसवत होत्या. तो काही केल्या वृत्तात बसेना. शेवटी गड सोडून त्यांनी तिथलाच कोकणकडा घेतला. तो नेमका आठव्या अक्षरापासून बसला आणि बाराव्याशी येऊन थांबला. कड्याशी थांबावेच लागते, असे आत्या म्हणाल्या. लग्नात ती ओळ आली तेव्हा जावयांबरोबर गड चढणारी आठ-दहा मुले मागे एकदम ओरडली आणि गुरुजींच्या हातातल्या अक्षता सांडल्या. फॉर्ममध्ये हा रकानाही नव्हता.

आणि माझा क्षण? आला. गुरुजी ओरडले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!" मी सफारी सारखा केला, चिमीचा हात धरला आणि दाराशी आलो, तोच यंत्र सुरू झाले. बावीस हजारांचे ढग! मला माझे बूट दिसेनात. पाचशे माणसे माझ्याकडे बघत असतील तर असोत, मला एकही दिसत नव्हते. मामाने भाचीला न्यायचे असते, पण "मामा, डावीकडे पायरी आहे," असे सांगत चिमीनेच मला नेले. तेवढ्यात धुरातून फोटोग्राफरचा आवाज आला, "मामा, जरा बाजूला! फ्रेममध्ये येताय!"

मी बाजूला झालो नाही. चिमीने हात सोडलाच नाही, त्यामुळे होताही आले नाही.

लग्नाची फिल्म गेल्या महिन्यात आली. अकरा मिनिटांची आहे. चौथ्या मिनिटाला ढग येतात, त्यातून चिमी येते, आणि तिच्या उजव्या बाजूला सुमारे दोन सेकंद एक कोपर दिसते. बायको म्हणते ते चिमीच्या काकांचे असेल. पण सफारीच्या बाहीवर बँकेच्या शाईचा डाग आहे. मी फिल्म थांबवून पाहिला.