मान वर, कीं मान सरळ?

उन्हाळ्याच्या सुटींत आमची चौदा वर्षांची नात अमरावतीहून वाशिमास आली ती मान आखडूनच. कोणीं हांक मारिली तर सबंध अंगानें वळून पाही. तेथील तरणतलावांत ती वर्षभर फ्रीस्टाइलचा सराव करीत होती. दुखण्याचें मूळ पोहण्यांत आहे असें कळतांच आजीनें निकाल दिला, "पुरे झालें तें पोहणें! उद्यां मान वांकडी राहिली म्हणजे काय करावयाचें?" पोर रडकुंडीस आली, आणि आम्हीं मात्र त्या निकालास मान डोलविली. त्या डोलविलेल्या मानेचें प्रायश्चित्त म्हणून आजचें हें टिपण आहे.

ठणका उतरल्यावर, म्हणजे चार दिवसांनीं, तिला ओसरीवरील बाकावर पालथें निजवून हात कसे मारतेस तें दाखव, असें आम्हीं सांगितलें. पाहतों तों, श्वास घेतांना प्रत्येक वेळीं ती हनुवटी पुढें काढून डोकें वर उचली.

"हें कोणीं शिकविलें?" आम्हीं विचारिलें.

"आबा, तुम्हींच ना! 'डोकें वर ठेव, नाकांत पाणी जाईल,' असें विहिरीवर तुम्हीच ओरडत होतां."

आम्ही निरुत्तर झालों. चार उन्हाळ्यांपूर्वीं पाठीस डबा बांधून मळ्यांतील विहिरींत तिला आम्हींच सोडिलें होतें. पाण्याशीं आमच्या गांवाचा स्नेह जुना. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथें १०८ तीर्थें होतीं अशी आख्यायिका आहे, आणि पद्मतीर्थ तर आजहि आहे. परंतु विहिरींत चार हात मारिले कीं समोर भिंत येते, आणि वरून कोण उडी टाकतो इकडेहि लक्ष ठेवावें लागतें. तेथें डोकें वर ठेवणें योग्यच. तरणतलावाचा हिशेब निराळा. पंचवीस मीटरांच्या फेरीस वीस हात व दर दोन हातांस एक श्वास धरिला, तर एका किलोमीटरांत मान ४०० वेळां फिरते, आणि तीहि बहुधा एकाच बाजूस. त्यांत दर वेळीं साडेचार-पांच किलो वजनाचें डोकें उचलावयाचें म्हटल्यास मानेमागून खांद्यापर्यंत जाणारे स्नायू थकणार नाहींत तर काय? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मन्यास्तंभाच्या कारणांमध्यें वर पाहत राहणें हेंहि एक सांगितलें आहे. ग्रंथ आमच्या कपाटांत, आणि चूक आमच्याच तोंडीं!

जाणत्यांस विचारून जें समजलें तें असें. तोंड पाण्यांत व नजर तळाकडे ठेवावी. मान पाठीच्या कण्याच्या रेषेंत लांब राहावी. श्वासासाठीं डोकें उचलूं नये. खांदे व धड कुशीवर वळवावें, म्हणजे तोंड आपोआप त्यांच्याबरोबर येतें. पाणी कापीत जाणाऱ्या डोक्याच्या बाजूस एक खळगा पडतो. त्यांतच तोंडास हवा मिळते, म्हणून एक डोळा पाण्यांत राहिला तरी चालतें. उच्छ्वास पाण्यांतच सोडून द्यावा, म्हणजे वर आल्यावर घाई होत नाहीं. दर तीन हातांस एक श्वास घेतल्यास दोन्ही बाजूंस सारखें काम पडतें. तिचे शिक्षकहि हेंच सांगत असत. परंतु पहिल्या गुरूचा मंत्र बलवत्तर ठरला!

मान दुखत असतां कांहीं दिवस पोहणें थांबवावें, उबदार शेक घ्यावा, आणि सोसेल तितकीच मान हळूहळू फिरवावी. मालीशवाल्याकडून ती कडकन मोडून घेण्याचें धाडस कदापि करूं नये. कळ हातांत उतरली, बोटांस मुंग्या आल्या अथवा बधिरता वाटली, मूठ सैल पडूं लागली, तापाबरोबर मान ताठली, किंवा सूर मारतांना डोक्यास अगर मानेस मार बसला, तर घरगुती उपायांत एक घटकाहि न दवडतां डॉक्टर गांठावा.

पुढें मान पुरती मोकळी झाल्यावर नात त्याच विहिरींत पायरीला धरून, तोंड पाण्यांत घालून बुडबुडे सोडण्यास शिकली. मग श्वासासाठीं कुशीवर वळण्यास. आजी थारोळ्यावर बसून पाहत होती. सुटी संपतां संपतां तिनें आपला निकाल फिरविला. पोरीला तिचें पोहणें परत मिळालें, परंतु एका अटीवर: यापुढें शिकविण्यास आबा नकोत!

मास्तरकींत उभा जन्म गेला, तरी आम्हांस ही अट न्याय्यच वाटली. मुलांचें कांहीं दुखूं लागलें म्हणजे त्यांचा खेळ बंद करणें सोपें असतें. आपण काय शिकविलें तें तपासून पाहणें अवघड. वाचकांनीं आमच्याप्रमाणें चार दिवस उशीर करूं नये, इतकीच विनंती.